सल्फासालाझिन सुरू करताना: पहिले बारा आठवडे कसे काढायचे

चिठ्ठीवर सल्फासालाझिन ५०० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, आणि मेडिकलवाला स्ट्रिप पुढे करत विचारतो, "पोटासाठी की सांध्यांसाठी?" त्याचा प्रश्न योग्य आहे. गोळी एकच, पण दोन आजारांत ती वेगळ्या रीतीने चढवतात आणि तिच्याकडून अपेक्षाही वेगळ्या असतात. मोठ्या आतड्याच्या सुजेवर, म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिसवर, ती देतात. आमवातावर, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसवर, देतात. सोरायसिसबरोबर येणाऱ्या सांधेदुखीवर आणि स्पॉन्डिलायटिसमध्ये (कण्याच्या सांध्यांच्या सुजेत) गुडघे-घोटे सुजतात तेव्हाही देतात. पाठीच्या कण्याच्या आखडण्यावर मात्र ती फारशी चालत नाही. त्यामुळे फक्त कंबर आखडते म्हणून ही गोळी मिळाली असेल, तर डॉक्टरांना 'का' असं जरूर विचारा.

औषध जुनं आहे. स्वीडनच्या नाना स्वार्ट्झ या डॉक्टरबाईंनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस ते मुळात आमवातासाठी तयार करवून घेतलं. सांध्यांची सूज जंतूंमुळे येते असा तेव्हाचा समज होता. म्हणून जंतू मारणारा सल्फा आणि सूज उतरवणारा सॅलिसिलेट हे दोन रेणू एकत्र जोडले गेले. तो समज पुढे मागे पडला, पण गोळीने आतड्याच्या रुग्णांना आराम पडतो हे दिसलं आणि ती टिकली.

हा जोड कसा सुटतो ते समजून घ्या, कारण पुढच्या बहुतेक सूचना त्यातूनच निघतात. गिळलेल्या गोळीतलं बरंचसं औषध न सुटता मोठ्या आतड्यापर्यंत पोचतं. तिथले जिवाणू दोन रेणूंमधला दुवा तोडतात. एक तुकडा मेसालाझिनचा, तो बहुतांशी आतड्यातच राहून आतल्या अस्तराची सूज कमी करतो. दुसरा सल्फापायरिडिन, तो रक्तात शोषला जातो. १९७७ मध्ये ऑक्सफर्डला ए. के. आझाद खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही तुकडे वेगवेगळे करून कोलायटिसच्या रुग्णांना एनिमातून दिले, तेव्हा पोटावरचं काम मेसालाझिन करतं हे स्पष्ट झालं. सांध्यांवर परिणाम करण्यात मात्र रक्तात जाणाऱ्या सल्फाचा मोठा वाटा धरतात, आणि मळमळ, डोकेदुखी, पुरळ यांतला बराचसा त्रासही त्याच्याच खात्यावर जातो. म्हणून आजार फक्त आतड्याचा असेल आणि ही गोळी सोसत नसेल, तर डॉक्टर नुसतं मेसालाझिन देऊ शकतात. ते महाग पडतं. आतडं आणि सांधे दोन्ही धरलेले असतील, तर या जुन्या गोळीला अजूनही तोड नाही असं आमचं मत आहे.

पहिली गोळी घेण्याआधी

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी काही गोष्टी तुम्ही आपणहून सांगायच्या. आधी कधी सल्फाच्या औषधाने अंगावर पुरळ आलं होतं का. जुलाब किंवा लघवीच्या जंतुसंसर्गासाठी को-ट्रायमोक्साझोल घेऊन असं झालेलं असतं, पण लोक 'उष्णतेने झालं' म्हणून विसरून जातात. ॲस्पिरिनने धाप लागते किंवा अंगावर गांधी उठतात का. मूतखड्याचा त्रास आहे का. पॉर्फिरिया नावाचा दुर्मीळ आजार घरात कुणाला आहे का. आतड्यात किंवा लघवीच्या मार्गात अडथळा असेल तर ही गोळी देत नाहीत, आणि दोन वर्षांखालच्या मुलांनाही नाही. मोठ्या मुलांचा डोस वजनावर ठरतो. मोठ्यांची गोळी अर्धी करून मुलाला देण्याचा विचारही करू नका.

मग रक्ततपासणी. रक्तपेशी मोजणारी सीबीसी, लिव्हरची एलएफटी आणि किडनीसाठी क्रिएटिनिन, हे तिन्ही गोळी सुरू होण्याआधीचे हवेत. कारण सरळ आहे: दोन महिन्यांनी पांढऱ्या पेशी कमी दिसल्या, तर त्या गोळीने कमी झाल्या की आधीपासूनच तशा होत्या, हे पहिल्या कागदाशिवाय कुणालाच सांगता येत नाही. तो कागद जपून ठेवा.

याच वेळी जी-सिक्स-पी-डी ही तपासणीही करायची का, हे विचारून घ्या. या एन्झाइमची जन्मजात कमतरता असेल तर ही गोळी तांबड्या पेशी फोडू शकते. कमतरता पुरुषांत जास्त दिसते. पारशी समाजात आणि महाराष्ट्रातल्या काही आदिवासी समाजांत तिचं प्रमाण लक्षात येण्याइतकं आहे. लहानपणी मलेरियाच्या किंवा दुसऱ्या कुठल्या औषधाने लघवी कोऱ्या चहासारखी झाली होती, रक्त चढवावं लागलं होतं, असं घरात कुणी सांगत असेल तर ही तपासणी टाळू नका.

दुकानात दोन चुका होतात. पहिली चूक ताकदीची. ही गोळी ५०० मिलिग्रॅममध्ये मिळते आणि १ ग्रॅममध्येही, आणि १ ग्रॅमच्या पाकिटावर नावापुढे बहुधा 'डीएस' असतं. चिठ्ठीत ५०० असताना डीएस हातात आली, तर पहिल्या दिवसापासून दुप्पट डोस पोटात जातो. तिसऱ्या दिवशी तुम्ही 'हे औषध मला झेपत नाही' म्हणून ते सोडून देता, आणि दोष औषधाला लागतो. दुसरी चूक नावाची. सल्फाडायझिन हे वेगळंच औषध आहे, आणि घाईत वाचलं तर दोन्ही नावं एकसारखी दिसतात. स्ट्रिपच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं मूळ नाव वाचून घ्या. त्याच जागी 'एंटेरिक कोटेड' किंवा 'डिलेड रिलीज' असे शब्द आहेत का तेही बघा. सांध्यांसाठी हीच आवरणाची गोळी वापरतात, आणि पोटाला तीच सोसते.

डोस कसा चढवायचा

सांध्यांसाठी प्रौढ माणसाची नेहमीची चढण अशी असते, ५०० मिलिग्रॅमच्या गोळीने:

पहिला आठवडा: सकाळी काही नाही, रात्री जेवणानंतर १.
दुसरा आठवडा: सकाळी १, रात्री १.
तिसरा आठवडा: सकाळी १, रात्री २.
चौथ्या आठवड्यापासून: सकाळी २, रात्री २, म्हणजे दिवसाला २ ग्रॅम.

बारा आठवड्यांनंतरही सूज हलली नाही, तर डॉक्टर ३ ग्रॅमपर्यंत नेऊ शकतात. त्याच्या आत आपल्या मनाने वाढवू नका. तुमच्या चिठ्ठीवरचा क्रम याहून वेगळा असेल तर चिठ्ठीच पाळा. वजन, वय, किडनी हे सगळं बघून तो ठरलेला असतो.

कोलायटिसचा जोर असताना डोस मोठा लागतो, दिवसाला ३ ते ४ ग्रॅम, तीन-चार वेळांत वाटून. तरीही सुरुवात १-२ ग्रॅमने केली तर पोट कमी बिघडतं. जोर ओसरल्यावर बहुतेकांना २ ग्रॅमवर ठेवतात. पोटाच्या रुग्णांसाठी एक बारकी सूचना अशी, की दोन डोसांमध्ये ८ तासांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नये, आणि हे रात्रीलाही लागू आहे. संध्याकाळी सातला जेवून गोळी घेतली आणि पुढची सकाळी नऊला, तर १४ तास आतडं औषधाविना राहतं. शेवटचा डोस झोपायच्या वेळी, थोडं काही खाऊन घ्या.

ही चढण संथ का, असं बरेच जण विचारतात. दुखणं आज आहे आणि औषध चौथ्या आठवड्यात पूर्ण होणार, हे पटायला कठीण जातं. कारण पुन्हा तो रक्तात जाणारा सल्फा. शरीर त्याला लिव्हरमध्ये निकामी करतं. काहींचं लिव्हर हे काम झपाट्याने करतं, काहींचं हळू, आणि हे जन्मतःच ठरलेलं असतं. हळू असणाऱ्यांच्या रक्तात त्याच डोसला सल्फा जास्त साठतो, आणि मळमळ-डोकेदुखी त्यांनाच जास्त होते. तुम्ही कुठल्या गटात आहात हे साध्या तपासणीत कळत नाही. पायरी-पायरीने चढलात की ते आपोआप कळतं.

परिणाम दिसायला सांध्यांना ४ ते १२ आठवडे लागतात. पोटाला त्यापेक्षा लवकर, साधारण दोन ते चार आठवड्यांत फरक पडू लागतो. मधल्या काळासाठी डॉक्टर दुसरं काहीतरी देतात, कधी थोडे दिवस स्टिरॉइडही. पहिल्या महिन्यात 'काहीच फरक नाही' हे औषध सोडायचं कारण होऊ शकत नाही.

गिळायची कशी

पोटभर जेवणानंतर, भरलेल्या पेलाभर पाण्याबरोबर, आणि अख्खी. गोळीवरचं आवरण जठरात न विरघळता पुढे आतड्यात विरघळावं असं बनवलेलं असतं. गिळायला मोठी वाटते म्हणून सुरीने दोन तुकडे केले, किंवा कुटून मधातून चाटवली, की ते आवरण वाया गेलं, आणि औषध जठरातच सुटून मळमळ सुरू. अँटासिड घेऊन लगेच ही गोळी घेतली तरी आवरण वेळेआधी सुटू शकतं. दोन तासांचं अंतर ठेवा. लोहाच्या गोळीचंही तसंच, ती वेगळ्या वेळी.

कधी कधी शौचात गोळी अख्खीच्या अख्खी पडलेली दिसते. एखाद्या वेळी दिसली तर घाबरू नका, पण वरचेवर दिसत असेल तर डॉक्टरांना सांगा. त्या रुग्णाच्या आतड्यात आवरण विरघळतच नाही, मग डोस कागदावर २ ग्रॅम आणि प्रत्यक्षात शून्य.

पाणी भरपूर, दिवसाला दोन ते अडीच लिटर. लघवीत सल्फाचे कण जमून खडा होऊ शकतो. चंद्रपूर-नागपूरच्या उन्हाळ्यात शेतावर किंवा साइटवर काम करणाऱ्यांनी आकडा मोजत बसण्यापेक्षा लघवी फिकट राहते का हे बघायचं म्हटलं, तर पंचाईत होते, कारण या गोळीने लघवीचा रंगच बदलतो. म्हणून बाटल्या मोजा. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर आधी विचारा.

उपवासाच्या दिवशी गोळी रिकाम्या पोटी घेऊ नका आणि चुकवूही नका. साबुदाण्याची खिचडी, भगर-आमटी, दूध-केळी, जे काही खाल त्यानंतर घ्या. निर्जळी उपास मात्र या औषधाबरोबर जमणार नाही. रोजा ठेवणाऱ्यांनी इफ्तार आणि सहरीच्या वेळांत डोस बसवता येतो का हे डॉक्टरांशी आधीच बोलून ठरवावं. सांध्यांच्या दोन वेळच्या डोसाला ते बहुधा जमतं, चार वेळच्याला अवघड.

एखादा डोस विसरला तर आठवल्यावर घ्या. पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या, दोन एकदम नको.

पिवळी लघवी आणि कावीळ

गोळी सुरू झाल्यावर काही दिवसांत लघवी गडद पिवळी किंवा केशरी होते. घामही रंगतो. पांढऱ्या बनियनच्या काखेत आणि उशीच्या अभ्र्यावर पिवळट डाग पडतात, आणि ते धुऊन सहज जात नाहीत. अश्रू पिवळे होतात, आणि मऊ कॉन्टॅक्ट लेन्स कायमच्या रंगू शकतात. या काळात चष्मा वापरलेला बरा. काहींच्या कातडीलाही पिवळट छटा येते. हा रंग औषधाचा आहे, त्याने काही बिघडत नाही.

घोटाळा होतो तो इथे. घरचे लघवी बघून 'कावीळ झाली' म्हणतात, गोळी बंद होते, आणि कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं जातं. उलटंही होतं: ही गोळी क्वचित लिव्हरला खरोखर सुजवते आणि तेव्हा 'औषधाचा रंग आहे' म्हणून दुर्लक्ष होतं. फरक असा ओळखा. दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ उभं राहून, खालची पापणी ओढून डोळ्याचा पांढरा भाग बघा. तो पांढराच असेल आणि भूक नेहमीसारखी असेल, तर रंग औषधाचा. तो पिवळा झाला असेल, अन्न नकोसं झालं असेल, उजव्या बरगडीखाली दुखत असेल, अंगाला खाज असेल किंवा शौच मातीसारखी फिकट होत असेल, तर गोळी थांबवून त्याच दिवशी एलएफटी. आणि लघवी केशरी न राहता कोऱ्या चहासारखी काळपट झाली, त्याबरोबर धाप लागते, चेहरा पांढराफटक पडतो, तर पेशी फुटत असल्याची ती खूण आहे. तेव्हा थेट दवाखाना.

मळमळ वेगळी, ताप वेगळा

या औषधाच्या त्रासांचे दोन गट आहेत, आणि ते एकमेकांत मिसळले की चुकीचा निर्णय होतो.

पहिला गट डोसावर अवलंबून असतो: मळमळ, भूक मंदावणं, डोकं जड होणं, पोटात जळजळ, थोडी चक्कर. पहिल्या काही आठवड्यांत हे बरेच जण अनुभवतात. इथे डॉक्टरांना फोन करून एक पायरी खाली उतरायचं, आठवडाभर तिथेच थांबायचं आणि पुन्हा चढायचं. तरीही थांबत नसेल तर ५ ते ७ दिवस औषध बंद ठेवून कमी डोसाने नव्याने सुरू करतात. एवढ्यावर बहुतेकांचं भागतं.

दुसऱ्या गटाला डोसाशी देणंघेणं नसतं. शरीराने औषध नाकारलेलं असतं. हा गट कमी लोकांना गाठतो, पण गाठतो तेव्हा बहुधा पहिल्या तीन महिन्यांत. म्हणून या लेखाच्या मथळ्यात बारा आठवडे आहेत.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे ताप आणि घसादुखी. क्वचित ही गोळी अस्थिमज्जेतली पांढऱ्या पेशींची निर्मिती अचानक थांबवते. न्यूट्रोफिल नावाच्या पेशी संपत येतात, आणि घशातला साधा जंतूही रक्तात पसरू शकतो. बाहेरून दिसतं ते इतकंच: १०१ ताप, घसा दुखतोय, तोंडात फोड. आपल्याकडे याला 'व्हायरल' म्हणायची पद्धत आहे. पॅरासिटामोल घ्यायचं, हळदीचं दूध प्यायचं, दोन दिवस बघायचं. ही गोळी चालू असताना ते दोन दिवस बघायचे नाहीत. गोळी थांबवा, त्याच दिवशी सीबीसी करा, रिपोर्ट हातात आल्याशिवाय पुढची गोळी घेऊ नका. पॅरासिटामोलने ताप उतरला तरी तपासणी टाळू नका, कारण पेशींचं त्याने काहीच सुधारलेलं नसतं.

पावसाळ्यात यात डेंग्यूची भर पडते. डेंग्यूतही पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली येतात, त्यामुळे रिपोर्ट बघून डॉक्टर डेंग्यूच धरून चालू शकतात. तुम्ही सल्फासालाझिनवर आहात हे त्यांना माहीत नसेल तर त्यात त्यांची चूक नाही. तापाचा दवाखाना कोणताही असो, कॅज्युअल्टीत पहिल्या वाक्यात औषधाचं नाव आणि कधी सुरू केलं ती तारीख सांगा.

पुरळाचंही असंच. अंगावर पुरळ आणि त्याबरोबर ताप, चेहऱ्यावर सूज, मानेत-काखेत गाठी, हे चित्र बहुधा दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात दिसतं. यात लिव्हर-किडनीही सापडू शकते. ओठ-तोंड सोलवटणं, डोळे लालभडक होणं, कातडीवर फोड येऊन ती सुटणं, हे त्याहून गंभीर. नवा कोरडा खोकला आणि चढत जाणारी धाप, किंवा पोटाच्या वरच्या भागातून पाठीकडे जाणारी तीव्र कळ, हेही याच यादीत घ्या. फुप्फुस आणि स्वादुपिंडाला क्वचित या गोळीने सूज येते. या सगळ्यांत गोळी लगेच बंद, दवाखाना त्याच दिवशी, आणि 'बरं वाटलं म्हणून परत सुरू केली' हे कधीच नाही.

तपासण्या, आणि रिपोर्ट वाचायचा कसा

रूढ वेळापत्रक असं: पहिले तीन महिने दर दोन आठवड्यांनी सीबीसी आणि एलएफटी, पुढचे तीन महिने महिन्यातून एकदा, नंतर तीन महिन्यांतून एकदा. किडनी मधून मधून. ब्रिटनमध्ये वर्षभर सगळं सुरळीत असेल तर पुढे नेहमीची तपासणी आवश्यक धरत नाहीत. तुमचे डॉक्टर काय पाळतात ते विचारा. पहिल्या तीन महिन्यांतली तपासणी मात्र पैसे वाचवायची जागा नाही.

लॅबच्या रिपोर्टवर जाड अक्षरात काही नसलं म्हणजे सगळं ठीक, असं धरू नका. सांधेतज्ज्ञ ज्या आकड्यांना थबकतात ते असे: पांढऱ्या पेशी ३,५०० च्या खाली, न्यूट्रोफिल १,६०० च्या खाली, प्लेटलेट १,४०,००० च्या खाली, लिव्हरची एसजीपीटी किंवा एसजीओटी १०० च्या वर, एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) १०५ च्या वर, इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या वर. क्रिएटिनिन तुमच्या पहिल्या आकड्यापेक्षा ३० टक्क्यांहून जास्त वाढलं तरी.

यात न्यूट्रोफिलचा आकडा फसवतो, कारण आपल्याकडचे कित्येक रिपोर्ट तो टक्क्यांतच देतात. एक उदाहरण घ्या. एकूण पांढऱ्या पेशी ३,८००, न्यूट्रोफिल ४० टक्के. दोन्ही आकडे फार वाईट दिसत नाहीत. गुणाकार करा: ३,८०० चे ४० टक्के म्हणजे १,५२०. हा १,६०० च्या खाली आहे. घाबरायचं कारण नाही, पण रिपोर्ट त्याच दिवशी डॉक्टरांना पाठवायला हवा. आणि आकड्याइतकीच दिशा बघा. ७,२०० वरून ५,६०० आणि तिथून ४,१००, यातला एकही आकडा लाल नाही, पण ही उतरंड डॉक्टरांच्या नजरेला पडली पाहिजे. एका वहीत तारखेसकट हे आकडे एकाखाली एक लिहीत गेलात तर दोन मिनिटांत कळतं.

एमसीव्ही वाढण्यामागे फॉलिक ॲसिडची कमतरता असू शकते, कारण ही गोळी त्याचं शोषण अडवते. म्हणून बरेच डॉक्टर सोबत फॉलिक ॲसिड लिहितात. पण शाकाहारी घरात बी-१२ सुद्धा कमी असण्याची शक्यता मोठी, आणि त्यानेही एमसीव्ही वाढतो. नुसतं फॉलिक ॲसिड घेत राहिलं तर रक्त सुधारतं आणि बी-१२ अभावी नसांचं नुकसान आत चालूच राहतं. दोन्ही एकदम तपासून घ्या.

आणखी एक गोष्ट लॅबमध्ये सांगायची. हे औषध काही यंत्रांच्या मोजणीत ढवळाढवळ करतं, आणि एसजीपीटी, एसजीओटी, अगदी साखरेचा आकडाही चुकीचा येऊ शकतो. तब्येत चांगली असताना एखादा आकडा विचित्र आला, तर आधी लॅबला औषधाचं नाव सांगून पुन्हा विचारा.

सोबतची औषधं

आतड्याचा आजार असताना सांधे दुखले की डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेण्याचा मोह होतो. या वेदनाशामकांनी कोलायटिस उसळू शकतो. त्या दिवसापुरतं पॅरासिटामोल, आणि बाकीचं डॉक्टरांना विचारून.

ॲझाथायोप्रिन किंवा मर्कॅप्टोप्युरिन (प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं) सोबत असेल तर पांढऱ्या पेशी जास्त पडू शकतात, तपासण्या तेवढ्याच दाट लागतात. हृदयासाठीचं डिगॉक्सिन कमी शोषलं जातं. रक्त गोठू न देणारं वॉरफेरिन घेणाऱ्यांनी गोळी सुरू करताना आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) लवकर तपासावा. को-ट्रायमोक्साझोल टाळावं.

आमवातात मेथोट्रेक्सेटही सोबत असतं, आणि इथे एक घातक गोंधळ होतो. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. सल्फासालाझिन रोज. दोन्ही एकाच डब्यात ठेवली आणि घरातल्या कुणी 'रोजच्या गोळ्या' म्हणून काढून दिली, तर मेथोट्रेक्सेटच्या रोजच्या डोसाने जीवावर बेतू शकतं. डबे वेगळे ठेवा, आणि मेथोट्रेक्सेटच्या डब्यावर वार लिहा, उदाहरणार्थ 'फक्त रविवार'.

'सांधेदुखीवर रामबाण' म्हणून मिळणाऱ्या बिनलेबलच्या पुड्यांबद्दल एवढंच, की त्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. पुडीने दोन दिवसांत दुखणं गेलं, तर शंका यायला हवी.

मूल हवं असेल तर

पुरुषांमध्ये ही गोळी शुक्रजंतूंची संख्या आणि हालचाल कमी करते. हे गोळी बंद केल्यावर भरून येतं, साधारण दोन ते तीन महिन्यांत, कारण नवे शुक्रजंतू तयार व्हायला तेवढाच काळ लागतो. याचा उपयोग गर्भनिरोधक म्हणून होत नाही. नुकसान होतं ते वेगळंच. जोडपं वर्षभर वाट बघतं, वीर्याची तपासणी खराब येते, टेस्ट ट्यूब बेबीपर्यंत खर्च जातो, आणि गोळीचं नाव कुणी विचारतच नाही. मूल हवं असेल तर तीन महिने आधी डॉक्टरांना सांगा. कोलायटिस असेल तर मेसालाझिनवर बदलता येतं, सांध्यांसाठीही पर्याय निघतो. आपल्या मनाने बंद मात्र करू नका.

स्त्रियांची गोष्ट उलट आहे. गरोदरपणात ही गोळी बहुधा चालू ठेवतात. आजार उसळला तर तोच बाळाला जास्त घातक ठरतो. डोस २ ग्रॅमच्या वर नेत नाहीत, आणि फॉलिक ॲसिड नेहमीपेक्षा जास्त देतात, ते दिवस राहण्याआधीपासून. सासरी-माहेरी कुणी 'गरोदरपणात एवढ्या गोळ्या कशाला' म्हणून बंद करायला लावलं, तर निर्णय डॉक्टरांसमोर होऊ द्या. पूर्ण दिवसांचं, निरोगी बाळ असेल तर अंगावर पाजताही येतं. बाळाला जुलाब लागले किंवा शौचात रक्त दिसलं, बाळ वेळेआधी जन्मलं, किंवा त्याला कावीळ आहे, तर पाजण्याआधी बालरोगतज्ज्ञांशी बोला.

ॲलर्जी झालीच तर

किरकोळ पुरळामुळे गोळी बंद झाली आणि दुसरा पर्याय नसेल, तर काही तज्ज्ञ अगदी ५० मिलिग्रॅमसारख्या थेंबभर डोसापासून शरीराला सवय लावतात. हे त्यांच्याच देखरेखीखाली, आणि कातडी सुटणं, पेशी पडणं, लिव्हर सुजणं असं काही झालेलं असेल तर कधीच नाही.

फाइलवर 'सल्फाची ॲलर्जी' एवढंच लिहून ठेवू नका. पाच वर्षांनी नवे डॉक्टर ते वाचतील तेव्हा त्यातून काहीच बोध होणार नाही. औषधाचं पूर्ण नाव, डोस, गोळी सुरू केल्यापासून कितव्या दिवशी झालं, नेमकं काय झालं, त्या दिवशीच्या सीबीसी-एलएफटीचे आकडे आणि किती दिवसांत उतरलं, एवढं एका कार्डावर लिहा. पुरळ असेल तर त्याचा फोटो उजेडात काढून ठेवा. कार्ड पाकिटात, आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्येही.